जपानमध्ये नवं बिऱ्हाड मांडताना

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा जोडीदाराबरोबर जपानला निघालेल्या मराठी माणसाचे प्रश्न ठरलेले असतात: तूरडाळ मिळते का, भाषेवाचून कसं होणार, भूकंप झाला तर काय. त्यांची उत्तरं पुढे येतीलच. पण पहिल्या महिन्यात खरं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. इथे तुमचं काही चुकलं तर सहसा कोणी तोंडावर सांगत नाही. कचरा भलत्याच दिवशी ठेवलात, रात्री अकराला वॉशिंग मशीन लावलंत, तरी शेजारीण सकाळी तितक्याच नम्रपणे मान लववून ‘ओहायो गोझाइमासु’ म्हणेल. तक्रार जाईल ती इमारतीच्या व्यवस्थापकाकडे, आणि तिथून तुमच्या टपालपेटीत छापील चिठ्ठी येईल. कोणी बोललं नाही म्हणजे चाललं, हा आपला हिशेब इथे लागू पडत नाही. म्हणून कोणत्या टप्प्यावर काय विचारून घ्यायचं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. उदाहरणं मुख्यतः टोकियोची आहेत, कारण आपली बरीच मंडळी एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाइच्या आसपास राहतात.

१. सामान बांधताना

जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची आहे आणि आपला मिक्सर २३० व्होल्टचा. तो इथे नीट फिरतच नाही. आणायचाच असेल तर व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही मिक्सरच्या वॉटपेक्षा चांगला जास्त क्षमतेचा. असा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग असतो. चटणी-वाटणाशिवाय ज्यांचं पानच हलत नाही त्यांनी हा खटाटोप जरूर करावा, बाकीच्यांनी इथला छोटा मिक्सर घ्यावा. प्रेशर कुकर मात्र आणाच, आणि तो इंडक्शनवर चालणारा, सपाट तळाचा स्टीलचा आणा. भाड्याच्या घरात गॅस असेल की इंडक्शन, हे आधी सांगता येत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. पोळपाट-लाटणं, तवा, गोडा मसाला आणि घरचं मेतकूट यांना बॅगेत जागा द्या. ताजा कढीपत्ता, फळं, भाज्या, रोपं आणू नका. तपासणीच्या सरकारी दाखल्याशिवाय ती विमानतळावर काढून घेतली जातात. मांसाचे पदार्थही चालत नाहीत, अगदी हवाबंद पाकिटातलेसुद्धा.

औषधांची काळजी घ्या. स्यूडोएफेड्रीनचं प्रमाण जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं इथे कडक नियमांखाली येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं एका महिन्यापुरती आणता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगी काढावी लागते. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या सहा महिन्यांच्या घेऊन यायची आपली सवय असते, तिथे हा नियम आडवा येतो. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे इथल्या डॉक्टरांना पर्याय देणं सोपं जातं.

२. पहिले चौदा दिवस

नारिता, हानेदा, कान्साइ अशा मोठ्या विमानतळांवर दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यांना तिथेच झाइर्यू कार्ड मिळतं. हे रहिवासाचं कार्ड. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाने ते कायम जवळ बाळगायचं असतं, अगदी कोपऱ्यावर दूध आणायला गेलात तरी. घर ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, जाऊन पत्ता नोंदवायचा. वॉर्ड नसलेल्या शहरात असाल तर शियाकुशोत, म्हणजे नगरपालिकेच्या कार्यालयात. तिथे कार्डाच्या पाठीमागे पत्ता छापून देतात, आणि पुढचं सगळं त्या एका ओळीवर अवलंबून आहे. पत्त्याशिवाय मोबाइल क्रमांक मिळवणं अवघड, आणि क्रमांकाशिवाय बँक खातं अवघड. म्हणून क्रम असाच ठेवा: वॉर्ड ऑफिस, मग सिमकार्ड, मग बँक. नवख्यांचं खातं बहुधा युउचो बँकेत, म्हणजे टपाल खात्याच्या बँकेत, लवकर उघडतं.

वॉर्ड ऑफिसात गेलाच आहात तर त्याच फेरीत आणखी काही कामं उरका. कंपनीचा आरोग्य विमा नसेल तर राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंदणी करा. मग दवाखान्याच्या बिलातला साधारण ३० टक्के भाग तुमच्याकडे राहतो. मुलं असतील तर जिदो-तेआते या बालभत्त्याचा आणि मुलांच्या वैद्यकीय खर्चाच्या सवलतीचा अर्ज द्या. भत्त्याच्या अर्जाला १५ दिवसांची मुदत असते, आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही. १२ अंकी ‘माय नंबर’ नंतर टपालाने येईल. निघण्यापूर्वी दोन कागद मागून घ्या: इंग्रजीतलं कचऱ्याचं वेळापत्रक आणि वॉर्डाचा आपत्ती नकाशा. एदोगावा वॉर्डाचा सुमारे ७० टक्के भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ साली या वॉर्डाने काढलेल्या नकाशाच्या मुखपृष्ठावरच ‘इथे थांबू नका’ असं ठळक छापलं होतं. मोठा पूर येणार असेल तर वॉर्ड सोडून जा, असा त्याचा सरळ अर्थ. तुमच्या इमारतीची जागा त्या नकाशावर बोटाने शोधून ठेवा.

आता नावाबद्दल, कारण महाराष्ट्रातल्या माणसाची अडचण इथे हमखास होते. आपल्या पासपोर्टात बऱ्याचदा स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ते सगळं झाइर्यू कार्डावर जसंच्या तसं उतरतं. अर्जातल्या चौकटी अपुऱ्या पडतात आणि दवाखान्यात तुम्हाला वडिलांच्या नावाने हाक मारली जाते. शिवाय प्रत्येक अर्जावर नाव काताकाना लिपीत लिहावं लागतं. त्या लिपीत ‘ल’ नाही, त्यामुळे लेले हे रेरे होतात; ‘व’चा बहुधा ‘ब’ होतो. पहिल्याच दिवशी एखाद्या जाणकाराकडून आपल्या पूर्ण नावाचं एक काताकाना रूप ठरवून घ्या, कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि सगळीकडे अक्षर न अक्षर तेच लिहा. बँकेत एक रूप आणि कंपनीत दुसरं झालं की पगार जमा होताना अडकतो.

घर स्वतः शोधणार असाल तर अनामत म्हणजे शिकिकिन आणि घरमालकाला भेट म्हणून दिलेली, कधीही परत न मिळणारी रक्कम म्हणजे रेइकिन, हे दोन शब्द ध्यानात ठेवा. यूआर या सरकारी पाठबळाच्या संस्थेच्या घरांना रेइकिन, दलाली किंवा जामीन लागत नाही. इमारती जुन्या वाटतात, पण नवख्या कुटुंबाला मी हाच मार्ग सुचवीन.

३. कचरा

या विषयाला मी मुद्दाम जास्त जागा देतो आहे. शेजारी तुम्हाला ओळखू लागतात ते तुमच्या कचऱ्यावरून.

टोकियोच्या २३ वॉर्डांत साधारण रचना अशी: मोएरु गोमि, म्हणजे जळणारा कचरा, आठवड्यातून दोनदा, शिगेन गोमि, म्हणजे कागद, बाटल्या, डबे असा पुन्हा वापरात जाणारा माल, आठवड्यातून एकदा, मोएनाइ गोमि, म्हणजे न जळणारा, महिन्यातून दोनदा. पिशवी पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक हवी आणि बहुतेक ठिकाणी सकाळी आठच्या आत ठरलेल्या जागी पोचायला हवी. आदल्या रात्री ठेवू नका. कावळे पिशव्या फोडतात, त्यासाठीच तिथे जाळी असते. पिशवी जाळीच्या आत सारून कडा नीट दाबून या. प्लास्टिकचं वेष्टण एका वॉर्डात वेगळं ठेवतात, दुसऱ्यात जळणाऱ्यात जातं. क्योतोत तर महापालिकेच्या विकतच्या पिवळ्या पिशवीशिवाय जळणारा कचरा उचलतच नाहीत. मित्राच्या वॉर्डाचा नियम आपल्याला लागू होत नाही, तेव्हा वेळापत्रक आपल्याच वॉर्डाचं बघा आणि फ्रिजवर चिकटवा.

चहाच्या किंवा पाण्याच्या एका बाटलीचं काय करायचं ते बघा. टोपण काढायचं. बाटलीवरच्या वेष्टणावर छिद्रांची एक उभी रेघ असते, तिथून ते सोलून काढायचं. टोपण आणि ते वेष्टण प्लास्टिकमध्ये. बाटलीत थोडं पाणी घालून हलवायचं, ओतायचं, उलटी ठेवून निथळू द्यायची, पायाने चपटी करायची आणि बाटल्यांच्या जाळीत टाकायची. दुधाचा खोका धुऊन, कात्रीने उघडून, सपाट करून वाळवायचा आणि सुपरमार्केटच्या दारातल्या पेटीत द्यायचा. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून वर ‘किकेन’, म्हणजे धोका, असं लिहायचं. लिहिता येत नसेल तर वेळापत्रकात छापलेली ती अक्षरं बघून काढा.

आपल्या स्वयंपाकातल्या दोन गोष्टी इथे विशेष आहेत. पहिली तळणीचं तेल. ते सिंकमध्ये ओतू नका. सुपरमार्केटमध्ये तेल गोठवणारी पावडर मिळते. गरम तेलात ती ढवळली की थंड झाल्यावर सगळं वडीसारखं सुटून येतं आणि जळणाऱ्या कचऱ्यात जातं. तेल थोडंच असेल तर जुन्या कागदात शोषून घ्या. दुसरी गोष्ट भाजीची सालं, चहाचा चोथा आणि उरलंसुरलं. ते पिळून, पाणी काढून मगच पिशवीत भरायचं. जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत हे केलं नाही तर दोन दिवसांत घरभर वास सुटतो.

पिशवीत गडबड असेल तर कर्मचारी तिच्यावर इशाऱ्याचं स्टिकर लावून ती तिथेच ठेवून जातात. तुमची असेल तर निमूट घरी आणा आणि पुन्हा लावा. गादी, कपाट, सायकल असल्या मोठ्या वस्तूंना सोदाइ गोमि म्हणतात. त्यासाठी फोनवर किंवा संकेतस्थळावर दिवस ठरवायचा, कोंबिनीतून, म्हणजे नेहमीच्या वस्तूंच्या कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, सांगितलेल्या किमतीचं स्टिकर घ्यायचं, ते वस्तूवर लावून त्या दिवशी बाहेर ठेवायची. टीव्ही, एसी, फ्रिज आणि वॉशिंग मशीन यात बसत नाहीत. २००१ पासून त्यांच्यासाठी वेगळा कायदा आहे आणि पुनर्वापराचं शुल्क भरून ती दुकानामार्फत द्यावी लागतात. हे माहीत असलं की कोणी ‘फुकट घेऊन जा’ म्हणून जुना फ्रिज देऊ केल्यावर तुम्ही आधी विचार कराल.

४. घरात वावरताना

दारातल्या खोलगट जागेला गेन्कान म्हणतात. चपला-बूट तिथेच राहतात, टोकं दाराकडे करून. आपण चपला बाहेर काढून घरात जाणारी माणसं, त्यामुळे हे अंगवळणी पडायला वेळ लागत नाही. वेगळं आहे ते स्लिपरचं: लाकडी जमिनीवर त्या चालतात, तातामि चटईवर पाय ठेवताना त्या काढायच्या, आणि संडासात वेगळ्या स्लिपर असल्या तर त्या तिथेच सोडून बाहेर यायचं.

बादली-तांब्याने अंघोळ करणाऱ्याला इथलं न्हाणीघर फार सोयीचं जातं. टबाबाहेर मोकळी फरशी असते, तिथे बुटक्या स्टुलावर बसून अंग घासायचं, साबण पूर्ण धुऊन टाकायचा आणि मगच गरम पाण्यात उतरायचं. टबातलं पाणी घरातल्या सगळ्यांसाठी असतं, म्हणून त्यात साबण नाही आणि पाहुणे असाल तर बाहेर आल्यावर बूच उपसायचं नाही. ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या स्नानगृहात, हेच नियम आहेत. तिथे स्त्री-पुरुषांचे विभाग वेगळे असतात, कपडे अजिबात नसतात आणि छोटा टॉवेल पाण्यात बुडवत नाहीत. गोंदण असेल तर आधी चौकशी करा, काही ठिकाणी प्रवेश देत नाहीत.

भिंती पातळ असतात. कुकरच्या शिट्ट्या, जात्यासारखा घरघरणारा मिक्सर आणि वॉशिंग मशीन रात्री नऊनंतर आणि भल्या सकाळी टाळा. फोडणी देताना चुलीवरचा पंखा चालू ठेवा. त्याला कान्किसेन म्हणतात.

५. स्वयंपाकघर आणि बाजार

तूरडाळ, मोहरी, हिंग, कणीक हे सगळं मिळतं. निशी-कासाइत भारतीय दुकानं आहेत, शिन-ओकुबोच्या गल्ल्यांत मसाल्यांची दुकानं ओळीने आहेत, ओकाचिमाचीतल्या आमेयोको बाजारातही सापडतात. दूरच्या गावात असाल तर ऑनलाइन मागवा, दोन दिवसांत घरी येतं. ग्योमु सुपर या स्वस्त दुकानांच्या साखळीत कडधान्यं आणि मसाले बऱ्यापैकी मिळतात.

पण मी म्हणेन की सगळा संसार भारतीय दुकानावर चालवू नका. साध्या सुपरमार्केटमध्ये आपल्या ओळखीचं बरंच काही आहे, फक्त नाव वेगळं आहे. भेंडीला ओकुरा म्हणतात. साटोइमो म्हणजे अळकुड्यांचीच जात. दाइकोन हा हातभर लांब पांढरा मुळा, त्याचा किस, कोशिंबीर, पराठा सगळं होतं. काबोचा हा गोड भोपळा, भरताला उत्तम. पालक महाग असेल तेव्हा कोमात्सुना घ्या, ताकातल्या भाजीला चालते. कोथिंबीर ‘पाकुची’ या नावाने चार काड्यांच्या पुडीत मिळते, तेव्हा कुंडीत धणे पेरलेले बरे. दूध घेताना खोक्यावर ‘ग्यून्यू’ आहे ना ते बघा, बाकीच्या खोक्यांत प्रक्रिया केलेली पेयं असतात आणि त्यांचं दही धड लागत नाही. आनको म्हणजे लाल आझुकि दाण्यांचं गोड सारण. पुरणाची सय यावी असं ते असतं, आणि सणाला चणाडाळ हाताशी नसली तर त्याची पोळी लाटणारी घरं मला माहीत आहेत.

कोकण-गोव्याकडच्या मासेखाऊ मंडळींना तर इथे पर्वणीच आहे. साबा हा बांगड्याच्या कुळातला, इवाशि म्हणजे तारलीची जात, आसारि या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या, एबि म्हणजे कोळंबी. पश्चिम जपानात मिळणारा मानागात्सुओ पापलेटचा भाऊबंद. मोठ्या सुपरमार्केटमध्ये मासा साफ करून देतात. ‘सान्माइ ओरोशि’ म्हटलं की मधला काटा काढून दोन्ही बाजू वेगळ्या करून मिळतात. संध्याकाळी उशिरा गेलात तर तयार जेवण आणि मासळीवर सवलतीची चिकटपट्टी लागते. निम्म्या किमतीच्या पट्टीला ‘हान्गाकु’ म्हणतात.

६. शाकाहारी माणसाने बाहेर काय खावं

यात मुख्य अडचण दाशिची. दाशि म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पाया असलेलं पाणी, आणि ते बहुतेक वेळा कात्सुओबुशिपासून, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या माशाच्या कापांपासून, बनवतात. मिसो सूप, सोबा नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, इनारि सुशीची तळलेल्या तोफुची गोड पिशवी, एवढंच काय, बटाट्याच्या काही वेफर्सच्या मसाल्यातही ते असतं. ‘मी व्हेजिटेरियन आहे’ म्हटलं की वाढणारा माणूस मांसाचे तुकडे मनापासून बाजूला करतो, पण रस्सा तोच राहतो, कारण त्याच्या लेखी तो मांसाहार नसतोच. त्यात त्याचा दोष नाही. ‘निकु’ म्हणजे मांस म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर मासा येत नाही, कित्येकदा हॅमही येत नाही.

म्हणून निघण्याआधी घरी बसून स्वतःचं ठरवा: मला दाशि चालणार आहे का? चालत असेल तर इथे रोज बाहेर जेवता येईल. चालत नसेल तर डबा न्यावा लागेल. दोन्ही निर्णय योग्यच आहेत, अर्धवट ठेवलं की मात्र प्रत्येक जेवणाला जीव टांगणीला लागतो. ठरल्यावर हे वाक्य पाठ करा: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ दाशि मो दामे देसु.’ मांस-मासे खात नाही, कात्सुओचं दाशिही चालत नाही. अंडं नको असेल तर ‘तामागो मो’ जोडा. मांस, मासा, डुक्कर, गाय, कोंबडी, अंडं, जिलेटिन यांची जपानी अक्षरं मोबाइलमध्ये चित्र म्हणून साठवा आणि पाकिटाच्या पाठीमागच्या यादीशी ताडून बघा. भाषांतर करणाऱ्या अ‍ॅपचा कॅमेराही कामी येतो, पण बारीक छपाईत तो फसतो.

बिनधोक म्हणावं असं थोडं सांगतो. काकडीची सुशी म्हणजे काप्पा माकि, मीठ लावलेले एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, उमेबोशिचा, म्हणजे आंबट खारवलेल्या फळाचा, ओनिगिरि हा भाताचा गोळा (यादी वाचून), साधा भात, थंड तोफु वरची माशाची कापं न घालता. जपानी ‘कारे राइसु’, म्हणजे करी-भात, शाकाहारी दिसला तरी त्याच्या रश्श्यात बहुधा प्राण्यांची चरबी असते. शिन्जुकूच्या नाकामुराया या उपाहारगृहात भारतीय पद्धतीची करी १९२७ पासून मिळते, पण ती कोंबडीची. ती तिथे आणली भारतीय क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी. ते १९१५ साली जपानला आले होते आणि पुढे त्याच घराचे जावई झाले.

पूर्ण शाकाहारी जपानी जेवण खायचं तर शोजिन ऱ्योरि शोधा. बौद्ध मठांतलं हे जेवण, त्यात दाशि कोंबु नावाच्या समुद्री वनस्पतीचं आणि शिइताके अळंब्यांचं असतं, कांदा-लसूणही नसतो. वाकायामा प्रांतातल्या कोयासान डोंगरावर मठांत मुक्काम करून हे जेवता येतं. हे स्थान कूकाइ या भिक्षूने ८१६ साली वसवलं, आणि तिथल्या विद्यापीठाच्या आवारात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा आहे. पहिल्या वर्षीच्या सुट्टीत एवढी एक जागा तरी बघाच.

जेवणाच्या रीती थोडक्यात. सुरुवातीला ‘इतादाकिमासु’, शेवटी ‘गोचिसोसामा देशिता’. भाताची वाटी हातात उचलून खायची. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी अंत्यविधीत होतात, त्यामुळे टेबलावर कोणी केल्या की माणसं दचकतात. नूडल्स आवाज करून ओढल्या तरी हरकत नाही. टिप ठेवत नाहीत.

७. भाषा

हिरागाना आणि काताकाना या दोन लिपी, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. त्यापुढे नेहमीच्या वापरातल्या कान्जींची, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांची, सरकारी यादी २१३६ अक्षरांची आहे. ती यादी बघून धीर सोडू नका, कारण मराठी माणसाला इथे खरोखरच आधार आहे. हिरागाना-काताकानाचा क्रम अ इ उ ए ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा चालतो. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तो घेतला. ‘स’च्या जागी पूर्वी च-सारखा आणि ‘ह’च्या जागी प-सारखा उच्चार होता असं अभ्यासक मानतात. तो बसवून बघा: क, च, त, न, प, म, य, र, व. शाळेतला फळाच समोर येतो. वाक्याची बांधणीही आपलीच: कर्ता, कर्म, क्रियापद. शब्दयोगी अव्यय शब्दाच्या मागे: ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, ‘नि’ म्हणजे बऱ्याचदा ला, ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत. ‘तोक्यो कारा ओसाका मादे’ हे इंग्रजीमार्गे शिकायला गेलात तर उलटं करावं लागतं. मराठीतून सरळ उतरतं. वहीत अर्थ मराठीतच लिहा. उच्चारातही फायदा आहे: ‘त्सु’ म्हणजे चूलमधला चू, आणि ‘झा’ जाळ्यातल्या जा-सारखा.

काळजी घ्यायची ती ऱ्हस्व-दीर्घाची. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बीरु’ म्हणजे बिअर.

मी काताकाना आधी शिकायला सांगेन, शिकवणीत क्रम उलटा असला तरी. दुकानातल्या वस्तू, हॉटेलातला मेनू, औषधांची नावं यात परके शब्द काताकानात असतात आणि वाचता आले की अर्थ आपोआप कळतो. त्यापुढचा आठवडा कोंबिनीच्या गल्ल्यावर घालवा. तिथे विचारलं जातं: ‘फुकुरो वा?’ पिशवी हवी का? जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात. मग ‘आतातामेमासु का?’ गरम करून देऊ का? मग ‘पॉइन्तो कादो वा?’ पॉइंट कार्ड आहे का? हवं असेल तर ‘हाइ, ओनेगाइ शिमासु’, नको असेल तर ‘दाइजोबु देसु’. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे. रोज एकदा हे बोललात की कान तयार होतो.

‘हाइ’ म्हणजे होकारच असं नाही, ‘ऐकतोय’ इतकाच अर्थ बऱ्याचदा असतो. ‘चोत्तो...’ म्हणून वाक्य अर्धं सोडलं आणि मान तिरकी झाली की तो नकार आहे, पुन्हा आग्रह करू नका. दुसऱ्याच्या आडनावामागे ‘सान’ लावायचं, स्वतःच्या कधीच नाही. वॉर्डात स्वयंसेवकांचे भाषावर्ग जवळजवळ फुकट चालतात. भाषा तर येतेच, शिवाय शेजारचा एखादा हक्काचा माणूस मिळतो, ज्याला कचऱ्यापासून शाळेच्या पत्रापर्यंत काहीही विचारता येतं.

८. रस्ता, रेल्वे, शेजार

रेल्वे-बसचं भाडं भरायला सुइका किंवा पास्मो कार्ड घ्या. गाडीत फोनवर बोलत नाहीत, आवाज बंद ठेवतात, पाठीवरची पिशवी पुढे घेतात. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते. सायकल घेतलीत तर चोरीविरोधी नोंदणी दुकानातच करून घ्या आणि कोणाची जुनी सायकल घेतलीत तर नोंदणी नावावर करा, कारण पोलीस थांबवून तपासतात. डबलसीट नाही, छत्री धरून चालवणं नाही.

नव्या घरात आल्यावर आठवड्याभरात दोन्ही बाजूंच्या आणि खालच्या घरी एक छोटं बिस्किटांचं पाकीट किंवा टॉवेल देऊन नाव सांगून या. ही जुनी पद्धत मोठ्या शहरात कमी झाली आहे, तरी लहान मुलं असणाऱ्यांनी ती जरूर पाळावी. पावलांचा आवाज खाली जाणार हे तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं असतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास रस्त्यावरच्या भोंग्यांतून एक धून वाजते, घाबरू नका. आपत्तीच्या ध्वनिक्षेपकांची ती रोजची चाचणी आहे, आणि मुलांनी घरी परतायची वेळही.

९. भूकंप

जपानी बातम्यांत रिश्टरपेक्षा ‘शिन्दो’ ऐकाल. तुमच्या जागी किती हललं ते हे माप सांगतं. ० पासून ७ पर्यंत, ५ आणि ६ चे सौम्य व तीव्र असे दोन भाग धरून एकूण दहा पायऱ्या. मोबाइलवर कर्कश इशारा वाजला की हातात काही सेकंद असतात. टेबलाखाली जा, डोकं झाका, बाहेर पळू नका. हलणं थांबल्यावर गॅस बंद करा आणि दार उघडून ठेवा, चौकट वाकली तर ते अडकतं. शिन्दो ५ च्या आसपास गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. कुठे वास येत नाही याची खात्री करून मीटरवरचं बटण दाबायचं आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत साधारण तीन मिनिटं थांबायचं. हे शांतपणे एकदा मीटरजवळ उभं राहून बघून ठेवा.

पहिल्याच शनिवारी सहकुटुंब हिनान्जोपर्यंत, म्हणजे आसऱ्याच्या ठिकाणापर्यंत, चालत जा. बहुधा ती जवळची शाळा असते. दाराजवळच्या पिशवीत पाणी, विजेरी, औषधं, रोख पैसे, कागदपत्रांच्या प्रती आणि शाकाहारी असाल तर आपलं खाणं ठेवा, कारण तिथे वाटल्या जाणाऱ्या जेवणात निवड करता येत नाही. उंच कपाटं छताला टेकणाऱ्या दांड्यांनी रोखा. पोलीस ११०, आग आणि रुग्णवाहिका ११९, आपत्तीत निरोप ठेवण्यासाठी १७१. दर वर्षी १ सप्टेंबरला, १९२३ च्या कान्तो भूकंपाच्या स्मरणदिनी, वस्तीत सराव होतो. त्याला जा.

१०. देवळं, सण आणि पुढची कागदपत्रं

शिन्तो देवळात तोरिइ कमानीशी वाकून आत जायचं, हात-तोंड धुवायचं, नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. आपली दैवतंही भेटतील: टोकियोतल्या उएनोच्या तळ्यातली बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, आणि आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन मंदिरात गणपतीचं रूप असलेला कान्गितेन, ज्याला दाइकोन, म्हणजे मुळे, वाहतात. भाद्रपदात टोकियोतली मराठी मंडळी एकत्र जमून गणपतीही बसवतात.

३ फेब्रुवारीच्या सुमारास सेत्सुबुनला घरोघरी भाजलेले सोयाबीन फेकतात. नवीन वर्ष हा इथला सगळ्यात मोठा सण. ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी बँका बंद असतात, पैसे आधी काढून ठेवा. गावाला जाऊन आलात तर ऑफिसात वाटायला सुटी पाकिटं असलेली मिठाई आणा.

घर बदललंत तर पुन्हा तेच १४ दिवस. नोकरी बदललीत तर इमिग्रेशनलाही १४ दिवसांत कळवायचं असतं, हे कंपनी तुमच्यासाठी करेल असं धरू नका. व्हिसाच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या तीन महिने आधीपासून देता येतो. ती तारीख आजच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.